कड मोडली का?

खोली भाड्यानं बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचंही विचारलं नाही. एकट्या बाईला खोली देताना इतकं न विचारणारा माणूस त्या काळी नवलाचाच. त्यांनी फक्त माझ्या हातातलं कुलूप मागितलं. नवंकोरं होतं. मी धावडा गावची, पहिल्या नोकरीला निघाले तेव्हा वडिलांनी भोकरदनच्या बाजारातून मुद्दाम आणून दिलेलं. त्यांनी ते कानाशी नेऊन हलवलं, खिशातून स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातल्या तिसऱ्या किल्लीनं माझं कुलूप खट्‌कन उघडून दाखवलं.

“हे कुलूप न्हाई, बाई. हा दाराचा डूल हाय. दुसरं आणा, मंग सामान आणा.”

मला राग आला. रागापेक्षा धास्ती जास्त. ज्याच्या जुडग्यात माझ्या कुलपाची किल्ली निघते, त्याच्या घरात राहायचं का, हा प्रश्न मी एसटीत बसून तासभर घोळवला. पण त्या गोदाकाठच्या गावात स्वतंत्र मोरी असलेली दुसरी खोलीच नव्हती. मी अंबडहून दणकट कुलूप आणलं आणि त्याची किल्ली चार वर्षं त्यांच्यासमोर कधी बाहेर काढली नाही. आमची ओळख अशी झाली.

नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. वडीगोद्रीला हायवेवर उतरायचं, तिथून मिळेल त्या जीपनं नदीकडे. गावात हायस्कूल होतं आणि मी तिथं गणित-विज्ञान शिकवायची. घरमालक एका सरकारी वर्कशॉपमधून बाहेर पडलेले फिटर. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, मी काका. घरात एकटेच. बायको माहेरी गेली ती आलीच नाही, असं कोणी सांगायचं. वारली, असं दुसरं कोणी. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, “तुम्हाला कोनी काय सांगितलं, ते आधी सांगा.” उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही.

चहाचं त्यांचं एक वेगळंच होतं. कुणाकडेही गेले की समोर आलेला पेला ते घ्यायचे नाहीत. यजमानापुढचा उचलायचे आणि आपला त्याच्यापुढे सरकवायचे. माझ्याकडेही तेच. एकाच पातेल्यातून माझ्या हातानं त्यांच्या डोळ्यांदेखत ओतलेला चहा, तरी अदलाबदल व्हायचीच. एकदा मला चेव आला. त्यांनी बदलले, मी परत बदलले, त्यांनी पुन्हा बदलले. शेवटी चहा गार होऊन वर साय धरली आणि दोघांनी तो तसाच गिळला. ते मात्र खूश दिसले. “आता बराबर. आता दोन्ही पेले दोघांचे झाले.” स्टीलचा वाफाळता पेला ते मुठीत धरायचे. मला पदराशिवाय धरवायचा नाही. लोखंडात हात मुरलेत मिस्त्रीचे, असं गाव कौतुकानं म्हणायचं आणि मीही तसंच समजत होते.

दूधवाल्याचं माप ते मोजायचे, किराणावाल्याची वजनं उलटी करून बघायचे. रॉकेलच्या डब्यावर पेन्सिलीची रेघ मारून ठेवायचे. रेघ माझ्याही डब्यावर मारलेली सापडली तेव्हा मी भांडले, तर म्हणाले, “तुमच्यासाठीच मारली. म्या चोरलं तर तुम्हाला कळाया नको?” आता यावर काय भांडणार?

त्यांचं एक वाक्य गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं: डोळा म्हणतो, बोट सांगतं, माप साक्ष देतं. म्हणणाऱ्यावर विसंबू नये, सांगणाऱ्याला उलटं विचारावं आणि साक्ष झाल्याबिगर निकाल देऊ नये, असा त्याचा खुलासा ते करायचे. दुसरं वाक्य म्हणजे एक प्रश्न. कोणतीही नवी वस्तू समोर आली की त्यांचा अंगठा तिच्या काठावरून फिरायचा आणि ते विचारायचे, “कड मोडली का?” फिटरच्या भाषेत कड मोडणं म्हणजे कापलेल्या धातूची धारदार कड कानशीनं घासून बोथट करणं. त्यांनी घराच्या सगळ्या कडा मोडल्या होत्या. चौकटीची, फडताळाची, पायरीच्या फरशीची, माझ्या मोरीतल्या दगडाचीसुद्धा. शाळेत नवे पत्र्याचे बाक आले तेव्हा कोणी न बोलावता कानस घेऊन आले आणि दोन दिवस बाक घासत बसले. हेडमास्तरांना वाटलं, हा माणूस नंतर बिल लावणार. बिल आलं नाही. त्यामुळे हेडमास्तरांचा संशय उलट वाढला.

कारण गावातही मिस्त्रींवर संशय होताच. वर्कशॉपमधून ते मुदतीआधी घरी आले होते. कशामुळे, याच्या तीन-चार कहाण्या होत्या आणि प्रत्येकीत काहीतरी चोरीला गेलेलं होतं. कपाटात फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला एक मायक्रोमीटर होता, केसाची जाडी मोजणारा. असलं हत्यार साध्या फिटरच्या घरी येतं कुठून, हा गावाचा प्रश्न होता आणि खरं सांगते, माझाही होता. “ह्याची पावती हाय,” असं ते स्वतःहून सांगायचे. साऱ्या गावाकडे पावत्या मागणाऱ्या माणसाची ही एक पावती मात्र मी कधी पाहिली नाही.

आता नावेचं सांगते, कारण त्यांना आठवायचं तर नावेशिवाय आठवता येत नाही.

नदीच्या पलीकडे एक वस्ती होती. तिथल्या अकरा मुली आमच्या हायस्कूलला यायच्या. उन्हाळ्यात नदी गुडघाभर, चालत यायच्या. पण पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत, आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं की मग तर बघायलाच नको, नावेशिवाय वाट नव्हती. ग्रामपंचायतीनं एक जुनी पत्र्याची नाव आणि तिच्या मागे लावायचं दोन सिलिंडरचं इंजन कुठल्याशा लिलावातून आणलं होतं. त्या इंजनावर या अकरा जणींची शाळा चालली होती. त्यातली मंगल दहावीला होती. मी फळ्यावर गणित लिहून पुरं करायच्या आत तिचं उत्तर वहीत पडलेलं असायचं. असा विद्यार्थी शिक्षकाला नोकरीत दोनदा मिळाला तरी पुष्कळ.

त्या श्रावणात इंजन धूर टाकायला लागलं. मग ओढेना. आणि एका सकाळी भर पात्रात बंद पडलं. अकरा मुलींसकट नाव वाहत खाली गेली आणि नशिबानं वाळूच्या बेटाला टेकली. कोणाला काही झालं नाही, पण पलीकडच्या बापांनी निरोप धाडला: इंजन नीट करा, आणि पुन्हा एकदा जरी मधात बंद पडलं तर पोरी कायमच्या घरी.

शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. सरपंच, नावाडी, हायवेवरचा एक पंपमेकॅनिक, बाकी बघे. पंपमेकॅनिक म्हणाला, रिंगा बदला, चालू होईल. सरपंचांना ते पटलं, जल्दी होणारं काम होतं. मिस्त्री कोपऱ्यात बसले होते.

“सिलिंडर झिजून अंडं झालं असंल, तर अंड्यात गोल रिंग बसती का?” ते म्हणाले.

पंपमेकॅनिक म्हणाला, “मंग लायनर, म्हंजे आतलं नळकांडं, काढून नवं ठोकू. पंपाला आपन करतोच की.”

“पंपाचं लायनर सुटं असतं. ह्याचं अंगातच ओतलेलं हाय. आधी मोजू द्या. मोजल्याबिगर बोलनं म्हंजे नाडी न बघता औषध.”

इंजन आमच्या अंगणात आलं. तीन दिवस ते मोजत होते आणि मी शाळेतून आले की आकडे लिहून घेत होते. एका सिलिंडरची सहा मापं: वर, मध्ये, खाली; प्रत्येक ठिकाणी एकदा उभं, एकदा आडवं. मी लिहिलेलं ते मला मोठ्यानं वाचायला लावायचे, मग खालून वर वाचायला लावायचे, मग पुन्हा मोजायचे. चौथ्या फेरीला मी म्हटलं, काका, आकडे तेच येतायत. “तेच येत्यात म्हणून तर भ्या वाटतं,” ते म्हणाले.

पण तीन दिवसांनी निकाल लागला आणि तो मला गणितासारखा स्वच्छ दिसला. खालचं सिलिंडर जेमतेम झिजलेलं होतं, त्याला नवी रिंग पुरणार होती. वरचं मात्र गोल राहिलं नव्हतं आणि मधोमध लांब ओरखडा होता. तेवढंच एक बोअर करून मोठं करायचं आणि त्यात मोठा पिस्टन टाकायचा. तेही आधी पिस्टन हातात घेऊन, तो मोजून, मगच बोअर करायचं. “पाय बघून जोडा शिवत्यात. जोडा बघून पाय कापत न्हाईत,” असं ते म्हणाले.

गावाला हा निकाल पचला नाही. दोन बैलांपैकी एकालाच नवी नाल मारली तर गाडी वाकडी चालणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं, मग मिस्त्रीला कसं कळत नाही? यात काहीतरी पाणी मुरतंय. मिस्त्रींनी वाद घातला नाही. औरंगाबादहून पिस्टन आल्यावर जुना आणि नवा दोन्ही पिशवीत घातले, मला आणि सरपंचांना बरोबर घेतलं आणि अंबडला एका मारवाडी सराफाच्या पेढीवर गेले. शेठजी राजस्थानातून आलेल्या घराण्यातल्या चौथ्या पिढीचे, भला माणूस. काट्यावर काळा पिस्टन ठेवलेला पाहून त्यांनी टोपी सरळ केली.

“मिस्त्री, इथं मी सोनं तोलतो.”

“म्हणून तर आलो. लोखंडाच्या काट्यावर माझा भरोसा न्हाई.”

दोन पिस्टनच्या वजनात फरक निघाला तो नखाएवढा. बैल सारखेच आहेत, असं मिस्त्रींनी सरपंचांना दाखवून दिलं. शेठजींनी चहा मागवला आणि पेल्यांची अदलाबदल झाली. आम्ही निघताना शेठजींनी काटा पुसून घेतलेला मी पाहिला.

एवढं होऊनही बोअरसाठी जालन्याला जायची वेळ आली तेव्हा सरपंचांनी मला बाजूला घेतलं. “बाई, तुम्ही संगं जा. मानूस हुशार हाय, पर त्याचं मागचं तुम्हाला म्हाईत हाय. इंजनाचा भाग इकडचा तिकडं व्हायला नको. नुसतं ध्यान ठेवा.” म्हणजे माझ्याच घरमालकावर मला पहारा. मला लाज वाटली, आणि नाही म्हणताही आलं नाही. कारण आतून मलाही वाटत होतं की ध्यान ठेवलेलं बरं.

एसटीत ते खिडकीशी बसले. माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला इंजनाचा ब्लॉक मांडीवर. घनसावंगीकडच्या एका म्हातारीनं मूर्ती समजून त्याला हात जोडले, तर त्यांनी जोडू दिले. बऱ्याच वेळानं मला म्हणाले, “सरपंचानं पाठवलं ना तुम्हाला, माझ्यावर ध्यान ठेवाया?”

मी हातातल्या तिकिटाची घडी घातली.

“बराबर केलं. मी सरपंच असतो तर दोन मानसं पाठवले असते.”

जालन्याच्या त्या वर्कशॉपमध्ये पंपाची इंजनं रांगेनं पडलेली होती. मालक गोड बोलणारा. बोअर करायला दुपार झाली. काका मशीनपासून हातभर अंतरावर उभे, मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, आणि आम्हा दोघांवर मालकाचा एक डोळा. कोण कोणावर लक्ष ठेवतंय याचा हिशेब लागणं कठीण होतं. काम झाल्यावर काकांनी मापं घेतली, सहाच्या सहा, आणि मान डोलावली. मग विचारलं, “कड मोडली का?”

“कशाची कड?” मालक म्हणाला.

आणि इथं काकांची शंका खरी ठरली. या नावेच्या इंजनाच्या सिलिंडरला आतून खिडक्या असतात. तेल-हवेचं मिश्रण तिथून आत येतं, धूर तिथून बाहेर जातो. पंपाच्या लायनरला खिडक्या नसतात, म्हणून जन्मभर पंप केलेल्या कारागिराच्या डोक्यात ते येतच नाही. बोअर केल्यावर या खिडक्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. त्या मोडल्या नाहीत तर खालीवर पळणारी पिस्टनची रिंग कुठल्यातरी फेऱ्याला खिडकीत अडकते आणि तुटते. मग इंजन जागच्या जागी बंद. म्हणजे भर पात्रात.

काका खाली मांडी घालून बसले. बारीक दगड आणि वाकडी कानस घेऊन एकेक खिडकी घासायला लागले. तास गेला. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “बाई, तुमचं बोट द्या.”

चार परक्या पुरुषांत हे असलं वाक्य. मी जागची हलले नाही. त्यांनी आवाज उतरवला.

“माझ्या बोटाला कळत न्हाई. दोन-तीन साल झाले. साखरंनं खाल्ले बोटं. कड हाय का न्हाई, मला लागतच न्हाई. हे कोनाला बोलायचं न्हाई.”

तेव्हा मला तो मुठीत धरलेला पेला आठवला. मुरलेले हात नव्हते ते. ‘बोट सांगतं’ म्हणणाऱ्या माणसाची बोटं केव्हाच मुकी झाली होती. आपल्याला कोणी फसवेल म्हणून हा माणूस जगाचं माप तीन-तीनदा घेतो असं मी समजत होते. त्याला आपल्याच हाताची खात्री उरली नव्हती.

मी करंगळी आत घातली. पहिली खिडकी गुळगुळीत. दुसरी गुळगुळीत. त्यांनी पुन्हा घासली, पुन्हा बोट. असं चाललं. घड्याळात सव्वापाच झाले होते आणि साडेपाचची गाडी चुकली असती तर त्या माणसाबरोबर मला जालन्यात मुक्काम करावा लागला असता. गावात माझी इभ्रत काय राहिली असती ते मी सांगायला नको. तिसऱ्या खिडकीच्या वरच्या काठाला बोटाला काहीतरी लागलं. अगदी पुसट. तेलातली कचकच असेल, असं मी मला सांगितलं.

“कशी हाय?”

“गुळगुळीत आहे.”

“बरं,” ते म्हणाले, आणि ब्लॉक लुगड्यात बांधला.

एवढंच. खालून वर वाचायला लावलं नाही. दुसऱ्यांदा बोट मागितलं नाही. किराणावाल्याची वजनं उलटी करणाऱ्या माणसानं माझा एक शब्द जसाच्या तसा उचलून मांडीवर घेतला. परतीच्या गाडीत तो ‘बरं’ माझ्या शेजारी बसला होता.

दोन दिवसांत त्यांनी इंजन जोडलं. या दोन दिवसांत मी त्यांना चारदा सांगायला गेले आणि चारदा दूध आहे का विचारून परत आले. रविवारी नदीवर सगळा गाव जमला. इंजन नावेला लागलं. सरपंचांच्या हातात नारळ. पलीकडच्या काठावर मुली उभ्या, मंगल सगळ्यांत पुढे, निळं-पांढरं घालून, रविवार असून. ते निळं दिसलं आणि माझा धीर सुटला. मी काकांच्या बाहीला धरून त्यांना बाजूला ओढलं.

“काका, तिसऱ्या खिडकीला काहीतरी लागलं होतं. मी खोटं बोलले. गाडी चुकेल म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता चारचौघांत माझी खरडपट्टी काढतात. त्यांनी फक्त विचारलं, “कोनत्या बाजूनं?”

“वरच्या.”

“बरं.” मग ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “इंजन उतरवा. माझ्याकून एक काम राह्यलं.”

गलका झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते माझ्या अंगावरून जाता जाता पुटपुटले, “गप राहा. माझ्यावर संशय घ्यायची गावाला सवय हाय. तुमच्यावर घ्याया लागले तर पोरी शाळंत यायच्या न्हाईत.”

नारळ तसाच पिशवीत गेला. सरपंच मला म्हणाले, “सांगत नव्हतो? आता बघा, ह्यो लटकवून ठेवतो.” मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला आजही सांगता येणार नाही.

अंगणात इंजन पुन्हा उघडलं. मी बोट घातलं आणि यावेळी दाबून फिरवलं. तिसऱ्या खिडकीच्या वरच्या काठाला धातूचा एक बारीकसा काटा होता. बोटाला रक्ताचा थेंब आला. काकांनी तो बघितला. “रिंगीला ह्यानं धरलं असतं,” एवढंच म्हणाले आणि घासायला बसले. मी रडले. त्यांनी रडू दिलं, कानस थांबवली नाही.

काटा अर्ध्या तासात गेला. पण इंजन उघडताना मधलं गॅस्केट, जोडातून हवा जाऊ नये म्हणून घालायचा पातळ थर, फाटलं होतं आणि नवं औरंगाबादहून यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मिस्त्रीनं भाग विकला, मिस्त्रीनं नवा पिस्टन बदलून जुना टाकला, असं काय काय गावात फिरलं. पलीकडेही पोचलं. आणि मंगलच्या बापानं निरोप धाडला की आता पुरं झालं. तिला मामाकडे पाठवून दिलं. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं.

इंजन पुढे तीन पावसाळे चाललं. मधात एकदाही बंद पडलं नाही. दहा मुलींना त्यानं नेलं-आणलं.

त्यानंतर काकांनी मला त्या गोष्टीवरून कधी टोकलं नाही. चहाचे पेले मात्र बदलतच राहिले, आणि मला त्याचं बरं वाटायचं. माझी आष्टीला बदली झाली तेव्हा त्यांनी खोली रिकामी करून घेताना खिळेसुद्धा मोजले. मग मी माझ्या कुलपाची किल्ली त्यांच्यासमोर धरली. “बघा, तुमच्या जुडग्यात हिची जोडी आहे का?” त्यांनी किल्ली घेतली, काठावरून अंगठा फिरवला, ज्याला काही कळत नव्हतं तो अंगठा, आणि परत दिली. “कड मोडलेली हाय,” म्हणाले. कुलपाला लावून पाहिली नाही.

त्यांच्या जाण्याचं मला उशिरा कळलं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, नदीवर पूल झाल्यावर, हायस्कूलच्या एका कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. जेवणाच्या पंगतीत म्हातारे झालेले सरपंच नव्या शिक्षकांना नावेच्या दिवसांची गंमत सांगत होते. एक मिस्त्री होता, त्यानं इंजन कसं लटकावलं, आणि एका हुशार पोरीची शाळा त्याच्यापायी कशी गेली. सगळे हसत होते.

मी हातातला घास ताटात ठेवला. मी सगळं सांगितलं. जालन्याची गाडी, माझं बोट, माझं खोटं, त्यांचं ‘माझ्याकून राह्यलं’. मंगलची शाळा गेली ती माझ्यापायी, हेही सांगितलं. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली होती. नव्या शिक्षकांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

सरपंचांनी मायेनं माझ्याकडे पाहिलं आणि वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात वरण वाढायला लावलं.

“बाई, तुम्ही पैल्यापासूनच भोळ्या. गेलेल्या मानसाची कड घेनं चांगलं असतंय. पर आम्हाला म्हाईत न्हाई का तो कसा होता?”

वाढपी पुढे गेला, पंगत पुन्हा बोलायला लागली. मी मान खाली घालून वरणभात कालवत राहिले. कड मी घेतली नव्हती. भर नदीवर, साऱ्या गावासमोर, ती त्यांनी घेतली होती. माझी.